टेबलावरचा ब्रह्मदेश

ऐंशीच्या पुढची गोष्ट. नेमकं साल विचारू नका, साल लक्षात ठेवायची मला कधी गरज पडली नाही. हलकं धान कापून झालं होतं, भारी धान अजून उभं होतं, एवढं मात्र खात्रीनं सांगतो.

माझा भाचा तेव्हा ऊर्जानगरला वीजघरात कामाला होता. दिवाळीच्या तोंडावर तो आमच्या गावी आला. आमचं गाव चंद्रपूरकडं, मूल गावाच्या पलीकडं, जंगलाला लागून. ओसरीवर बसून चहा पिता पिता तो म्हणाला, "मामा, आमच्या कॉलनीच्या हॉलमंदी साहेब लोकाईनं जुन्या लढाया मांडल्या हायेत. एवढे एवढे शिपाई, शिशाचे, रंग देल्ले. टेबलावर पुरी लढाई खेळतेत, फासे टाकून. पानिपतची हाय, एका किल्ल्याची हाय, ब्रह्मदेशची हाय."

"एवढे रिकामे हाय का तुमचे साहेब?" मी म्हणालो.

"सुट्टीच्या दिवशी रिकामेच रायतेत. आमाले खेळू देतेत कुठी! पाहाचं न चूप रायचं."

आम्ही दोघं हसलो. आत चुलीपाशी माझी वहिनी होती. ती हसली नाही. हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

"कोनत्या देशाची म्हनलास?"

आपण काय बोलून बसलो ते भाच्याच्या ध्यानात आलं. त्यानं कप खाली ठेवला. "ब्रह्मदेशची, मामी."

"मले नेशील?"

माझा मोठा भाऊ ब्रह्मदेशात गेला आणि परत आला नाही. इंग्रज आणि जपानी यांची लढाई चालली होती तेव्हाची गोष्ट. भाऊ शिपाई नव्हता. तो आलापल्लीकडच्या जंगलात सागवान पाडायचा. झाड कुठल्या अंगाला पडणार ते आधी बोटानं दाखवायचा आणि झाड तिथंच पडायचं. ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं, सरकारला जंगलातून रस्ता काढायला माणसं पाहिजेत, कपडे मिळतील, पोटाला मिळेल. भाऊ कुऱ्हाड घेऊन गेला. त्याच्या लग्नाला तेव्हा एक पावसाळा झाला होता.

शेजारच्या गावचा एक माणूस त्याच्यासोबत गेला होता. तो लढाई संपल्यावर हिवतापानं खिळखिळा होऊन परत आला. त्यानं एवढंच सांगितलं की भाऊ एका टोळीबरोबर पुढं झाडं पाडायला गेला, मग पावसानं धरलं, आणि त्या टोळीतलं कोणी मागं आलं नाही. मेला असंही तो म्हणाला नाही. कुठं, तेही त्याला सांगता येईना. सरकारकडून कधी काही आलं नाही.

आता आमच्या घरची रीत सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्यात माणूस दूर देशी मेला तर त्याला तिकडं टाकून देत नाहीत. जिथं तो पडला तिथं त्याच्या कुळातल्या, रक्ताच्या माणसानं जायचं आणि नाव घेऊन हाक मारायची. हाकेनंतर पहिला जो जीव हाताशी येईल, मासा असो, खेकडा असो, किडा असो, तोच आपला माणूस. त्याला नव्या मातीच्या भांड्यात घालून घरी आणायचं. तो जित्ता उंबऱ्याच्या आत आला की पितरांत मिळाला. मग गावाबाहेर त्याच्या नावाचा दगड उभा राहतो. पुढं त्याची बायको गेली की तिचा दगड त्याच्या डाव्या अंगाला.

माझ्या भावाला मी बोलावलं नव्हतं. गावचा भुमका, म्हणजे आमच्या देवाचं करणारा माणूस, दर दोन-चार वर्षांनी म्हणायचा, "जागा माहीत नसन त आपल्या नदीवरून बोलव. चालते." मी म्हणायचो, "माया भाऊ का आपल्या नदीत बुडाला? जिथी गेलाच नाई तिथून कसा येईन?"

हे झालं लोकांना सांगायचं कारण. दुसरंही एक होतं. आमच्यात मोठा भाऊ गेला तर त्याची बायको धाकट्यानं ठेवायची रीत आहे, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. मी तेव्हा बिनलग्नाचा होतो. वहिनी माझ्याहून एखाद्या वर्षानं लहानच. माझ्या बापानं मला सरळ सांगितलं होतं की भावाला बोलाव, दगड मांड आणि हिला घरात घे. मी बापावर ओरडलो की भाऊ जित्ता आहे. कारण मी हाक मारली असती तर सगळा गाव म्हणाला असता, ह्यानं बाईसाठी आणि धानाच्या बांधीसाठी, शेतासाठी, भावाला मारला. ते मी ऐकून घेणारा नव्हतो. आजही नाही. पुढं माझं लग्न झालं, बायको आली, पोरी झाल्या, पोरी नांदायला गेल्या, बायको वारली. वहिनी त्याच घरात राहिली, कुंकू लावून, हातभर बांगड्या भरून. चाळीसेक वर्षं तिनं मला एक शब्द विचारला नाही.

भाचा आला त्या वर्षीच्या पावसाळ्यात ती खाटेला लागली. उठली खरी, पण निम्मी होऊन उठली. एकदा पेज पिता पिता म्हणाली, "भाऊजी, मी गेली त मले कोनाच्या बाजूले ठेवसान?" मी उठून बैलाकडं गेलो. काय सांगणार? नवऱ्याचा दगड नाही, तर तिच्या दगडाला डावं अंग कुठलं? एखाद्या वाटसराला पुरतात तशी ती एका कडेला राहिली असती. तिला तेवढीच भीती होती, मरायची नव्हती.

म्हणून "मले नेशील?" म्हणाली तेव्हा मी नाही म्हणालो नाही. खेळण्यातले शिपाई बघून काय होणार, असं मनात म्हटलं आणि नवीन धोतर काढलं.

ऊर्जानगर म्हणजे सगळे सारखे क्वार्टर, कोणाचं कुठलं ते कळत नाही. मागं धुराडी. संध्याकाळी भाचा आम्हाला हॉलवर घेऊन गेला. दारावरच्या शिपायानं विचारलं, "पास?"

मी तिथूनच मागं वळलो. "चल बे, घरी चल. मी का चोरी कराले आलो?"

"मामा, तो सगळ्याईलेच विचारते ना!"

"विचारू दे. मी नाई जात."

आमची ही बाचाबाची चालू असताना वहिनी शिपायाच्या बाजूनं सरळ आत गेली. तो बघतच राहिला. मग मलाही जावं लागलं, बाईमाणसाला एकटं कसं सोडायचं?

आत तीन मोठी टेबलं होती, आमच्या खळ्यावर चार खाटा जोडाव्या एवढी. पहिल्यावर पानिपत. घोडे, उंट, तोफा, तंबू, सगळं करंगळीच्या पेराएवढं. घोडे चांगले होते, मी नाव ठेवणार नाही. दुसऱ्यावर मातीचा किल्ला. साहेब लोक शर्टाच्या बाह्या सारून वाकून उभे होते, फुटपट्टीनं मोजून शिपाई सरकवत होते, फासे टाकत होते, आणि फाशावर भांडत होते. त्यांच्या बायका भिंतीशी खुर्च्यांवर बसून चिवडा खात होत्या.

ब्रह्मदेश सगळ्यात शेवटी होता, खिडकीपाशी. हिरव्या टेकड्या, मध्ये काचेची नदी, खालून निळा कागद लावलेली. वाळलेल्या दोडक्याच्या जाळीचे तुकडे रंगवून झाडं केली होती. टेकड्यांमधून एक भुरा रस्ता वळणं घेत गेला होता. रस्त्याच्या या टोकाला एका बाजूचे शिपाई, त्या टोकाला दुसऱ्या बाजूचे. कुठं कुठं कापूस ठेवला होता, तो धूर.

वहिनी टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली. तिच्या तोंडाकडं मी पाहिलं नाही.

खेळवणारा साहेब पुण्याकडचा असावा, बोली तशी होती. माणूस वाईट नव्हता. मला म्हणाला, "या आजोबा, इकडून नीट दिसेल." मग फासा पडला आणि त्यानं रस्त्यावरचे दोन शिपाई उचलून मिठाईच्या डब्यात ठेवले. डब्यात कापूस अंथरला होता. त्यावर बरेच आडवे पडले होते.

"ते काऊन काढले?" वहिनीनं विचारलं.

"ते पडले, आजी. मेले."

"मंग?"

"मग काही नाही. उद्या पुन्हा उभे करायचे."

ती डब्याकडं बघत राहिली. मी साहेबाला विचारलं, "हा रस्ता कोनं बनवला?"

"मीच," साहेब खूश होऊन म्हणाला. "लाकडाचा भुसा, डिंक, आणि वरून चहाचा चोथा. वास घेऊन बघा."

"तसा नाई म्हनत मी. खरा. तिकडचा."

"अच्छा. मजूर होते ना. पुष्कळ होते."

"ते यात कुठी हाय?"

साहेबानं डोकं खाजवलं. "ते खेळात नसतात, आजोबा. त्यांच्याकडे बंदूक नाही, मग त्यांच्या नावाचा फासा कसा टाकणार?"

त्याचं बरोबरच होतं. ज्याच्या हाती कुऱ्हाड, त्याच्याशी कोण लढाई खेळणार? भाच्यानं मग त्याला हळूच सांगितलं की मामाचे भाऊ तिकडं रस्त्याच्या कामाला होते, आले नाहीत. साहेबाचा चेहरा उतरला. म्हणाला, "टेकड्या आणि नदी मी नकाशावरून केल्या आहेत. जागा खरी आहे. पण तुमचे भाऊ इथंच होते असं मी सांगू शकत नाही. खोटं कशाला बोलू?"

"रस्ता हाच होता का?" वहिनी मध्येच बोलली.

"त्या भागात मोठा रस्ता म्हणाल तर हाच, आजी."

तेवढं तिला पुरलं. माझ्याकडं वळून म्हणाली, "भाऊजी, बोलवा."

"काय?"

"त्याईले बोलवा. इथूनच."

मी आवाज खाली आणला. "वहिनी, हे टेबल हाय. चहाचा चोथा हाय तो."

"दिसते मले. माये डोये नाई फुटले."

"मंग?"

"मंग तुमी मले ब्रह्मदेशात नेनार हाय का? नाई ना? आता ब्रह्मदेशच इथपर्यंत आला, तरी तुमी चूप रायसान का?"

तिला स्वतःला हाक मारता येत नव्हती. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, भाचा पडला दुसऱ्या कुळाचा, आणि भावाच्या कुळातला म्हणाल तर मी एकटाच उरलो होतो. भाचा माझा सदरा ओढत होता. "मामा, इथी नोका करू. माये साहेब हायेत सगळे. मामी, चला ना घरी." भिंतीशी बसलेल्या बायका चिवडा खायच्या थांबल्या होत्या.

सांज झाली होती, हॉलचे दिवे लागले होते. धानाच्या दिवसांत आमच्या मुलखात दिवा लागला की तुडतुडे येतात, हिरवे, तिळाएवढे, धानावर पडणारे. खिडकीतून ते आत शिरत होते आणि टेबलावर पडत होते. एक कारकून रंगाचा ब्रश घेऊन ते झटकत होता. "हे पाहा, जपानी विमानं आली!" म्हणून तो हसला, पण त्याच्याबरोबर कोणी हसलं नाही.

वहिनी माझ्याकडं बघत होती. तिच्या गालाची हाडं वर आली होती. मला वाटलं, आता ज्यांच्या बोलण्याला मी भीत होतो त्यातलं कोण उरलं आहे? बाप नाही. भावाच्या जोडीचे नाहीत. गावात कोण आता म्हणणार आहे की ह्या म्हाताऱ्याला बाई पाहिजे? मी ज्यांच्यापुढं ताठ उभा होतो ते सगळे निघून गेले होते, आणि समोर ही एकटी होती, जिनं कधीच काही म्हटलं नव्हतं.

मी पागोटं काढून काखेत धरलं आणि भावाला हाक मारली.

घरातलं लहानपणचं नाव घेऊन मारली. ते नाव इथं लिहीत नाही. जंगलात एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या माणसाला मारतात तशी हाक मारली, दुसरी मला येत नाही. तीनदा मारली. पानिपतवाल्यांचा फासा खाली पडला, तो कोणी उचलला नाही. तिसऱ्या हाकेला माझा आवाज फाटला. पुढं जे म्हणायचं असतं ते मी म्हणालो, "चल, घरी चल, तुयी वाट पाहून राह्यलो."

वहिनीनं हात पुढं केला आणि तळवा वर करून त्या भुऱ्या रस्त्यावर ठेवला. तिच्या हाताखाली दोन टेकड्या झाकल्या. कारकून ब्रश घेऊन पुढं सरकला, तेव्हा साहेबानं त्याचं मनगट धरलं. "थांब जरा."

एक तुडतुडा रस्त्यावरून उडाला आणि तिच्या तळव्यावर येऊन बसला. आजूबाजूला त्याच्यासारखे शेकड्यानं होते. पण त्या हातावर तो पहिला आला. तिनं मूठ मिटली, आवळली नाही, कोंबडीचं पिल्लू धरतात तशी धरली. मग तिचे खांदे हलायला लागले. चाळीस वर्षांत मी तिला नवऱ्यासाठी रडताना पाहिलं नव्हतं. ती कशी रडणार? तिचा नवरा कामाला गेला होता.

निघताना साहेबानं डब्यातला एक शिपाई काढून माझ्यापुढं धरला. "हा राहू द्या तुमच्याकडे, आजोबा."

"ठेवा साहेब," मी म्हणालो. "तुमाले उद्या लागन."

तो चिडला नाही. दारापर्यंत आला आणि नमस्कार करून उभा राहिला. भाचा रस्ताभर माझ्यापुढं दहा पावलं चालला. पण घरी गेल्यावर त्यानंच बायकोला सांगून दिवाळीसाठी आणलेल्या कोऱ्या पणत्यांतल्या दोन काढून दिल्या. एकीत गवताचं हिरवं पातं घातलं, तुडतुडा ठेवला, दुसरी वर पालथी घातली आणि सुतानं बांधली. सकाळी चंद्रपूरहून मूलची गाडी धरली. वहिनीनं पणत्या मांडीवर धरल्या होत्या. खड्डा आला की हात वर उचलायची. मूलला उतरल्यावर मी म्हणालो, "आन इकडे, मी धरतो." तिनं दिल्या नाहीत.

भुमका दारात वाट पाहत होता, निरोप पुढं गेला होता. त्यानं उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. "कुठून आनला?" त्यानं विचारलं.

"ब्रह्मदेशातून," वहिनी म्हणाली.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

"जित्ता हाय?"

सूत मी सोडलं, कारण ते माझं काम. पातं सुकून वळलं होतं. तुडतुडा त्याच्या बाजूला पडला होता, पाय वर करून. मी जवळ जाऊन पाहिलं. त्याचा एक पाय हलला. आपल्यानं हलला की माझ्या श्वासानं, यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होती.

"जित्ता हाय," मी म्हणालो. "चाल, आत घे."

भुमक्यानं वाकून पाहायला मान पुढं केली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पाहिलं नाही. पणती तशीच आत नेली. देवाच्या कोपऱ्यात आमच्या बापाजवळ, आजाजवळ भावाला मिळवलं. चार दिवसांनी गावाबाहेर दगड उभा केला. त्याच्या डाव्या अंगाची जागा वहिनीनं स्वतः पाय फिरवून पाहिली, एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, "हो, पुरन." तिथं ती दोन उन्हाळ्यांनी गेली.

दगड मांडला त्या दिवशी गावच्या विधवा बाया आल्या. त्यांनी तिचं कुंकू पुसलं आणि मागच्या दारी पाट्यावर तिचे हात ठेवून बांगड्या फोडल्या. मी ओसरीवर होतो. काचा फुटल्याचं तिथपर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर बसून होतो. आत काही चाहूल नव्हती. मला वाटलं, थकली असेल, निजली असेल, निजू दे. इतकी वर्षं त्या घरात ती कुठं आहे हे मला पाहावं लागत नव्हतं. चुलीपाशी आहे, पाण्यावर आहे, गोठ्यात आहे, ते बांगड्यांवरून कळायचं. माझी बायको असतानाही कळायचं.

"भाऊजी, चहा."

ती अगदी माझ्या मागं उभी होती. मी इतका दचकलो की कपाला हात लागून चहा धोतरावर सांडला.

"काऊन घाबरले?" ती म्हणाली.

"काई नाई," मी म्हणालो. "तू आली ते समजलंच नाई."

तिनं आपल्या हातांकडं पाहिलं, ते पदराखाली घेतले आणि दुसरा चहा आणायला आत गेली.